वाजता मुका

डोळे मिटून सिनेमातलं चुंबन बघणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या अक्काचा नवरा निघाला. दाजी पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होते. दिवसभर आंब्याच्या पाट्या, सायकली, कोंबड्यांची खुराडी आणि कुणाकुणाची लग्नातली कपाटं इकडून तिकडे धाडणारा हा माणूस संध्याकाळी टॉकीजच्या अंधारात शिरला की वेगळाच व्हायचा. त्या काळातल्या हिंदी सिनेमात खरं म्हणजे चुंबन नसायचंच. नायक-नायिका जवळ यायचे, आणखी जवळ यायचे, आणि आता काय ते होणार अशा बेतात असताना कॅमेऱ्याला एकाएकी निसर्गाची आवड निर्माण व्हायची. दोन फुलं एकमेकांवर डोकं आपटायची, नाहीतर तळ्यातली दोन बदकं चोच घासायची. पब्लिक त्या फुलांच्या आणि बदकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. दाजी मात्र तेवढ्या वेळात डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालवत बसलेले असायचे. चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याला वाटावं या माणसाच्या पोटात आत्ताच गरम भाकरी गेली आहे.

"फुलं मुका घेत नसत्यात, बाळू," ते मला सांगायचे. "आन् हिरोबी घेत नसतो. मुका घेतं व्हायलिन. आपन नुसतं ऐकायचं."

ह्या विषयावर ते कुठेही बोलू शकत. चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर एका तेराव्याच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना. त्यांचं म्हणणं असं, की मराठी भाषेनंच सगळा घोटाळा करून ठेवला आहे. बोलता येत नाही तोही मुका आणि ओठाला ओठ लागतात तोही मुका. त्यामुळे लोकांना वाटतं, ही गोष्ट गुपचूप करायची आहे. "ओठाला ओठ लागले म्हंजे काय झालं? काहीच न्हाई. दोन डबे एकमेकाला टेकले. जोड बसला का न्हाई, ते आवाजावरून कळतं." रेल्वेतल्या माणसाला उपमा शोधायला लांब जावं लागत नाही.

टॉकीजमध्ये त्यांची जागा ठरलेली होती. पडद्याला लागून, भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरच्या पायथ्याशी. तिथून पडदा असा तिरपा दिसायचा, की नायिका उसाच्या कांडीसारखी लांब आणि खलनायक धान्याच्या ढोलीसारखा रुंद भासायचा. पण दाजींना बघायचं कुठं होतं? अक्का लग्न होऊन आली त्या वर्षी एकदाच त्या भोंग्याखाली बसली. "आठ दिस कान गुंगुं करायला होता," ती सांगते. "शेजारची मावशी वाटीभर पीठ मागायला आली आन् मी तिला मीठ दिलं." त्यानंतर दोघं बरोबर निघायची, एकाच रिक्षानं जायची, पण अक्का बायकांच्या बाजूला मागं बसायची आणि दाजी पुढं. सिनेमा सुटल्यावर दारात भेटायची. परतीच्या वाटेवर दाजींनी संगीत सांगायचं आणि अक्कानं गोष्ट सांगायची, म्हणजे दोघांचा मिळून एक सिनेमा पूर्ण व्हायचा.

वाद्यांवरून ते कुंडली मांडत. बासरी वाजली तर समजायचं, पोरीनं अजून घरी सांगितलेलं नाही. सतार असेल तर मंडळी सुसंस्कृत आहेत, बाप वकील किंवा डॉक्टर असणार. संतूर म्हणजे दोघं काश्मीरला गेलीत. व्हायोलिनांचा ताफाच्या ताफा सुरू झाला की मध्यंतरानंतर दोघांपैकी एकाला खोकला लागणार. आणि सॅक्सोफोन वाजला तर ती बाई नायकाची नव्हे, तिला जीव लावू नये.

"आणि सनई?" मी एकदा विचारलं.

"सनई वाजली की इषय संपला. त्याच्यानंतर सिनेमात कोनी कोनाचा मुका घेत न्हाई. दोघं मिळून आईच्या पाया पडत्यात."

बरं, हे वेड टॉकीजपुरतं राहिलं असतं तर ठीक. एकदा सुट्टी संपवून निघालेला एक शिपाईगडी प्लॅटफॉर्मवर बायकोचा निरोप घेत उभा होता. दोघंही लाजरी. ती पदराचं टोक पिळत होती, हा ट्रंकेचं कुलूप तपासत होता. दाजींना ते पार्सल ऑफिसाच्या दारातून बघवेना. गाड्यांमधून बुलबुलतरंग वाजवत हिंडणारा एक म्हातारा तिथंच बाकाखाली बसला होता. दाजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, त्या दोघांच्या मागं जाऊन जरा काळजातलं वाजव. म्हाताऱ्याला काळजातली म्हणून जी एकच धून येत होती, ती माणूस वारल्यावर वाजवायची निघाली. ती ऐकताच शिपायाच्या बायकोनं हंबरडा फोडला, तिचं बघून पलीकडच्या बाकावरच्या दोन बायका रडायला लागल्या, आणि शिपायाला चालत्या गाडीमागं ट्रंक घेऊन पळावं लागलं. दाजींना याचं काही वाटलं नाही. "वाद्य बरोबर होतं," ते म्हणाले, "धून चुकली."

मी परभणीला कॉलेजात होतो तेव्हा रविवारी सकाळी तिथल्या एका टॉकीजला इंग्रजी सिनेमे लागत. इंग्रजी सिनेमात खरोखरचं चुंबन असतं, फुलाबदकांची लपवाछपवी नसते, असं दाजींच्या कानावर आलं आणि पॅसेंजर पकडून ते थेट माझ्या खोलीवर आले. मला दुभाष्या म्हणून सोबत घेतलं. तो सिनेमा कुठल्याशा खेडेगावातल्या एका विधवेचा आणि घोडे सांभाळणाऱ्या माणसाचा होता. मी भाषांतर करत होतो, दाजी हुंकार देत होते. एकदाची तबेल्यात दोघं एकमेकांपाशी आली, आणि दाजींनी सवयीनं डोळे मिटले. पण त्या दिग्दर्शकानं तिथं संगीतच ठेवलं नव्हतं. नुसता वारा, एका घोड्याचं फुरफुरणं, आणि मग जे चाललं होतं त्याचा खराखुरा आवाज. दाजींनी डोळे उघडले. घाबरून माझ्याकडं बघितलं. "बाळू, म्हस घमेल्यातलं आंबोन खायली का रे?"

मध्यंतराची वाट न बघता ते उठले आणि मॅनेजरच्या खोलीत गेले. मी मागोमाग धावलो. रेल्वेचा खाकी कोट, कपाळावर आठ्या, असा गृहस्थ चुंबनाची तक्रार घेऊन आलेला बघून मॅनेजर खुर्चीतून उठलाच. त्याला असे लोक माहीत होते. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, फॅमिली पब्लिकची अडचण समजतो मी. संध्याकाळपर्यंत तेवढा तुकडा कापून टाकतो."

"कापू नका हो," दाजी कळवळून म्हणाले. "कापता कामून? वाजवा."

मॅनेजर माझ्याकडं बघायला लागला. मी भिंतीवरच्या पोस्टरकडं बघायला लागलो. 'काय वाजवा' हे समजावून सांगण्यात मध्यंतरही संपलं. शेवटी मॅनेजरनं आम्हाला भजी मागवली आणि दाराबाहेर सोडताना मला हळूच विचारलं, "ह्यांना कुठं दाखवलंत का?"

पुढं घरोघरी टीव्ही आले. रविवारच्या सिनेमात तसला प्रसंग येतोसं दिसलं, की इतर घरांत वडीलमंडळी खाकरायची, आवाज बारीक करायची आणि पोरांना उगाच शेजारी पिटाळायची. दाजींच्या क्वार्टरमध्ये उलटा कायदा होता. प्रसंग आला की ते उठून पंचा टीव्हीवर टाकायचे आणि आवाज पुरता मोठा करायचे. सगळी रेल्वे कॉलनी त्यांच्याकडं सिनेमा बघायला जमलेली असायची. म्हातारे, लेकुरवाळ्या, पोरंटोरं, सगळी मिळून त्या लाल काठाच्या पंचाकडं टक लावून बसायची आणि आतून व्हायोलिनं उसळ्या मारत असायची. पंचामुळं प्रसंग होता त्यापेक्षा कितीतरी भयंकर वाटायचा. एका गाण्यात तर पंचा इतका वेळ राहिला, की एका आजीबाईंनी विचारलं, "आता तरी झालं असंल का हो त्यांचं?" अक्का आतून ओरडायची, "आवाज कमी करा जरा, मालधक्क्यापर्यंत ऐकू जायलंय." दाजी शांतपणे म्हणायचे, "डोळ्याचं झाकलंय. कानाला कशाचं पाप?"

या वेडात त्यांना एकच भागीदार होता, वामन मास्तर. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, बँडचे. ते लाइनीपलीकडच्या बौद्धवाड्यात राहत आणि क्लॅरिनेट अशी वाजवत, की वरातीतला घोडाही मध्येच थांबून कान टवकारी. सिनेमा एकदा ऐकला की त्यातला हवा तो तुकडा ते दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा फुंकून दाखवत. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. दाजींना ते बाबू म्हणत. दाजींच्या दहा वाक्यांना त्यांचं एक, "बाबू म्हनतेत ते खरंय," एवढंच. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, गावोगावी बौद्धांची घरं जळाली, तेव्हा पूर्णेतही माणसं एकमेकांशी मोजकं बोलायला लागली होती. मास्तरांना कुणी लग्नाची सुपारी देईना. त्या दिवसांत दाजी संध्याकाळ झाली की लाइन ओलांडून मास्तरांच्या अंगणात जायचे आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात भांडायचे. भांडण कशावरून, तर हार्मोनियमवर मुका वाजतो की नाही यावरून. दाजींचं म्हणणं, हार्मोनियममध्ये हवा भात्यातून येते, ती माणसाची नव्हे, म्हणून त्यात ओलावा नाही. मास्तर नुसते मान हलवत. मग चहा यायचा. कॉलनीतल्या काहींनी दाजींना सुचवून बघितलं, की सध्या तिकडं जाणं बरं नाही. दाजी म्हणाले, "मग तुमी येता का भांडायला? तुमाला व्हायलिन आन् सारंगीतला फरक तरी कळतो का?"

आता वालूरच्या जत्रेची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दाजींवर खरोखर प्रसंग आला तो तिथंच. वालूर आमचं गाव. मी तेव्हा सेलूला शाळेत नोकरीला लागलो होतो. दाजींची थोरली मुलगी सुषी लग्नाची झाली होती आणि बोरीचं एक स्थळ आलं होतं. मुलाचा बाप हेडमास्तर, घरची काळी जमीन, मुलगा पदवीधर. अक्कानं या स्थळासाठी उपास धरले होते. पाहुण्यांना जत्रेचं निमित्त बरं पडेल म्हणून मुलगी आजोळीच, म्हणजे आमच्या घरी, दाखवायची ठरली. त्याच जत्रेत दाजींनी खटपट करून वामन मास्तरांच्या बँडला काम मिळवून दिलं होतं, त्यामुळे मास्तरही गावात होते.

मुलगी बघण्याचा कार्यक्रम सुरळीत पार पडला. पाहुण्यांनी सुषीला दोन-तीन प्रश्न विचारले, तिनं बरोबर उत्तरं दिली, पोह्यांची तारीफ झाली. जेवायच्या वेळी दाजी मास्तरांना घेऊन आले. आमच्या आईनं आतल्या पंगतीत पाहुण्यांची पानं मांडली आणि मास्तरांचं ताट ओसरीवर वेगळं ठेवलं. तिच्या लेखी ती रीतच होती. दाजींनी काही वाद घातला नाही. त्यांनी पंगतीतलं आपलं भरलेलं ताट उचललं, वाटीतलं वरण सांडू न देता उंबरा ओलांडला आणि ओसरीवर मास्तरांच्या शेजारी मांडी ठोकली. "आत वारं येईना," एवढंच म्हणाले. आई कावरीबावरी झाली. मी माझं ताट उचलून बाहेर आलो, मग माझा धाकटा चुलतभाऊ आला, आणि बघता बघता आत पाहुणे, नवरामुलगा आणि आमचे वडील एवढेच उरले.

संध्याकाळी जत्रेतल्या तंबूत सिनेमा होता. पाटीवर 'संपूर्ण कौटुंबिक' असं लिहिलेलं असल्यानं पाहुण्यांनाही न्यायचं ठरलं. तंबूत मधे दोरी बांधून एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. हेडमास्तर पाहुणे दाजींच्या शेजारी, पलीकडं मास्तर पिशवीत क्लॅरिनेट घेऊन, नवरामुलगा मागं कुठंतरी. तिसऱ्या रिळापर्यंत कुटुंबाचं सगळं ठीक चाललं होतं. मग नायक-नायिका पावसात भिजून एका मोडक्या देवळात शिरले. शेकोटी पेटली. दोघं एकमेकांकडं बघायला लागली. सगळा तंबू पुढं सरकला, दाजींनी डोळे मिटले, आणि तेवढ्यात स्पीकरमधून खर्र झालं आणि आवाज गेला.

चित्र मात्र चालूच. पडद्यावर नायक काहीएक न वाजता नायिकेकडं सरकत होता. मागून कुणीतरी ओठांनी 'च्यक' असा आवाज काढला. सगळा तंबू फुटला. शिट्ट्या, आरोळ्या, कोण म्हशीचा आवाज काढतंय, कोण नायकाला सल्ले देतंय. दोरीपलीकडच्या बायकांनी पदर तोंडावर घेतले, दोन-चार जणी पोरं उचलून उठायला लागल्या. एका टारगटानं त्या दिशेनं काहीतरी गलिच्छ बोललेलं मी ऐकलं. अक्का, सुषी आणि आई तिकडंच होत्या. पाहुणे ताठ बसले होते. ऑपरेटर मशीनच्या डब्यावर थपडा मारत होता.

दाजींनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. देवळात कुणी थुंकल्यावर पुजाऱ्याचा होईल, तसा. "मास्तर," ते म्हणाले, "काढा."

मास्तर उभे राहिले, क्लॅरिनेट ओठाला लावली, आणि त्या गोंधळातून एक बारीक, लांब सूर वर निघाला. सुरुवातीला तो फक्त आमच्या रांगेला ऐकू आला. मग पुढच्या. गोंगाट एकेका रांगेनं विझत गेला. पडद्यावर शेकोटी, ओले केस, एक हात दुसऱ्या हाताकडं चाललेला, आणि मास्तरांचा सूर त्या हाताच्या मागं मागं, जरा थांबत, जरा अडखळत. नायिकेनं मान खाली घातली तेव्हा सूरही खाली उतरला. तिनं पुन्हा वर बघितलं तेव्हा तो इतका अलगद चढला, की माझ्या अंगावर काटा आला. उठलेल्या बायका होत्या तिथंच बसल्या. कॅमेरा नेहमीप्रमाणं एका दिव्याकडं वळला, पण कुणी शिवी दिली नाही. त्या दिव्याकडं लोक असे बघत होते, जणू तो आत्ताच त्यांच्या घरात लागला आहे. मी पाहुण्यांकडं पाहिलं. हेडमास्तरांचं तोंड उघडं होतं.

आवाज परत आला तो खलनायकाच्या हसण्यासह. लोकांनी ऑपरेटरला तो बंद करायला लावला आणि ते देऊळ पुन्हा दाखवायचा आग्रह धरला. तंबूवाल्यानं रीळ मागं घेतलं. मास्तरांनी पुन्हा वाजवलं. मग लोक ऐकेनात, पुढचा सगळा सिनेमा मास्तरांनाच वाजवावा लागला. मारामारीसाठी त्यांच्याकडं वरातीच्या चालीशिवाय काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे खलनायक लग्नाला निघाल्यासारखा मार खात होता. पण लोक खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पाहुण्यांनी घसा साफ केला. अक्का दाराआड उभी होती. मला वाटलं, आता सिनेमाचं निघणार.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले. "कालचं सिनेमाचं मी मनावर घेत नाही, तो तुमचा छंद आहे. पण काल जेवताना जे झालं, ते आमच्याकडं चालणार नाही. लग्नात त्या मास्तरांनी जरूर वाजवावं, आमची ना नाही. मात्र मांडवाबाहेर. आणि पंगतीत तर नाहीच. एवढं तुम्ही कबूल करा, म्हणजे आज सुपारी फोडू."

दाजी बशीतला चहा फुंकत होते. बराच वेळ फुंकत राहिले. आमचे वडील त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, की हो म्हणून टाका, पुढचं पुढं बघू.

"पाहुणे," दाजी शेवटी म्हणाले, "काल मास्तरनं तोंडाला लावायच्या आदी आपल्या बायका उठून चालल्या होत्या. मंग त्या बसल्या. तुमीबी दोनदा ऐकलात. त्या मानसाला मांडवाबाहेर उभं करून मला माझ्या पोरीचं लगीन ऐकू यायचं न्हाई. सुषी मांडवात, तर मास्तरबी मांडवात आन् पंगतीतबी. तुमाला जमत नसंल तर राग न्हाई."

आता स्फोट होणार म्हणून मी दाराकडं बघितलं. टीव्हीच्या आवाजावरून, ओल्या पंचावरून, भिजत घातलेल्या डाळीवरून या नवऱ्याला धारेवर धरणारी माझी बहीण. हे स्थळ तिनं मनात कधीच पक्कं केलेलं. तिचे डोळे भरून आले होते. ती बाहेर आली आणि पाहुण्यांकडं न बघता मला म्हणाली, "बाळू, पाव्हन्यांच्या हातावर दही-साखर दे. त्यांची यष्टीची येळ झालीया."

पाहुणे गेल्यावर ती मागच्या परसात जाऊन रडली. दाजी आमच्या विहिरीच्या काठावर एकटेच बसून होते. अक्का तोंड धुऊन त्यांच्यापाशी गेली. "आता दुसरं स्थळ तुमीच हुडका," ती म्हणाली. "आन् त्याला कायबी वाजवता येत नसावं." सुषीला काय वाटतंय ते कुणीच विचारलं नव्हतं. मी विचारलं, तर ती म्हणाली, "बरं झालं मामा. त्यो नवरदेव काल मागं बसून शिट्ट्या मारायला होता. मी बघितलं."

सुषीचं लग्न पुढं वीज खात्यातल्या एका गरीब स्वभावाच्या मुलाशी झालं. दाजींनी शब्द पाळला आणि मास्तरांचा अख्खा बँड मांडवात घेतला. मांडवाच्या आत बँड वाजला तर काय होतं, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मंगलाष्टकं कुणालाही ऐकू आली नाहीत, भटजी नुसते ओठ हलवत होते, आणि अक्षता कधी टाकायच्या ते दाजी हातवारे करून सांगत होते. पंगतीत मास्तर दाजींच्या शेजारी बसले. आमच्या आईनं या वेळी त्यांना स्वतः जिलबी वाढली. काही नातेवाईक न जेवता गेले. दाजी म्हणाले, त्यांचे कान दुखले असतील.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात पूर्णेत मोठी मिरवणूक निघाली. मास्तर सगळ्यांच्या पुढं होते, केस पिकलेले, फुंकताना गालांचे खळगे दिसत होते. दाजी निवृत्त झाले होते, पण पुन्हा खाकी कोट चढवून मास्तरांच्या बाजूनं चालत होते. दम लागला तरी थांबले नाहीत. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मास्तर आले, अंगणात बसले, क्लॅरिनेट आणलेली होती पण पिशवीतून काढली नाही. कुणी तसं सुचवलं तेव्हा म्हणाले, "आज न्हाई व्हायचं."

पुढं महिन्याभरानं मी अक्काला भेटायला गेलो. ती खाटेवर बसून शेंगा सोलत होती, मी खाली भिंतीला टेकून. इकडचं तिकडचं बोलून झालं. मी सहज म्हणालो, "अक्का, दाजींना हे वेड लागलं तरी कुठून?"

"मला काय ठावं. मी आले तवापासून हायच." दोन शेंगा झाल्या. मग ती म्हणाली, "तवाबी तोंडातल्या तोंडात वाजवायचेच."

"तेव्हा म्हणजे कधी?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वर्गातल्या ढ पोराकडं बघतो. "मास्तर झालास, दोन लेकरांचा बाप झालास, आन् इतकं कळंना."

मी खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागलो.

"मला लय हसू यायचं," ती शेंगांकडं बघत म्हणाली. "मी म्हनायची, आवो, पलीकडं सासूबाई झोपल्यात. तर म्हनायचे, न्हाई न्हाई, बिनम्युझिकचं नको."

"कोणतं गाणं?"

"गानं कुठलं? नुसतं म्युझिक."

तिनं दाराकडं बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. माझ्या बहिणीला उभ्या जन्मात सूर लागला नव्हता, आरतीलाही ती नुसत्या टाळ्या वाजवायची. पण मांडीवरचं सूप बाजूला ठेवून तिनं हळू आवाजात ते गुणगुणायला सुरुवात केली. वेडंवाकडं, श्वास तुटत. चाल दोन पायऱ्या चढली, जराशी थांबली, आणखी एक पायरी चढली, आणि तिथंच राहिली. मी वाट बघत होतो.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढचं मी कधी ऐकलंच न्हाई रे," ती म्हणाली. "इथवर आलं की त्यांचं वाजवनं बंद व्हायचं."

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मी उठलो आणि तहान नसताना पाणी प्यायला आत गेलो.